चौदा नंबर ऐकायला थांबते

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. जुनी म्हणजे किती, ते माझ्या पायरीकडे पाहिले की कळते. पत्र्याची ती पायरी मधोमध दबून बशीसारखी खोलगट झाली आहे, इतकी माणसे तिच्यावरून चढली आणि उतरली. माझ्या वयाच्या बाकीच्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. मी मागे राहिले. कशी राहिले, ते तुम्हाला एकदा नीट सांगावे असे फार दिवस मनात आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. आधी सांगाडा आला, मग इंजिन, मग पत्रा. वेल्डिंग करणारे कारागीर दिवसभर माझ्या अंगावर ठिणग्या उडवत. सीटा शिवणाऱ्या बायका एकमेकींना घरची गाऱ्हाणी सांगत सांगत रेक्झिनला टाके घालत. म्हणजे माणसांच्या तक्रारी मी रस्त्यावर येण्याच्या आधीपासूनच ऐकत आले आहे, असे म्हटले तरी चालेल. सगळे काम झाल्यावर तिथले मुकादम माझ्याभोवती एक चक्कर मारून आले.

"लांबी बघा हिची!" ते म्हणाले. "अख्खी गल्ली बसेल आत, आणि वर दोन पाहुणे."

ते ऐकून मला जो अभिमान वाटला, तो मी पुढे कितीतरी वर्षे मिरवला.

मला चौदा नंबरचा मार्ग मिळाला. बाजारातून निघायचे, कालव्याच्या कडेने जायचे, पूल ओलांडायचा. पुलानंतर सरळ न जाता डावीकडे वळून टेकडीवरच्या वस्तीत चढायचे, तिथे वळून परत खाली उतरायचे. मग रुग्णालय, आणि शेवटी कचेऱ्यांच्या उंच इमारती. टेकडीवरच्या त्या वस्तीला सगळे नुसते 'चढ' म्हणत. "कुठे राहता?" "चढावर." एवढे सांगितले की पुरे.

माझ्या ड्रायव्हरला लोक हळूमामा म्हणत. मामा हळू चालवत असे नाही, पण त्यांच्या हातात गाडी कधी हिसका देत नसे. त्यांनी ब्रेक मारला तरी उभ्या माणसाच्या किटलीतले दूध हिंदकळत नसे. फेरी संपली की ते माझ्या काचा स्वतः पुसत. आगारातली सर्वांत निगुतीने ठेवलेली गाडी म्हणून एकदा माझा फोटो काढून कचेरीच्या भिंतीवर लावला होता. फोटोत मामाही होते, पण त्यांचा अर्धा कान तेवढा आला होता.

मग आपोआप दारे मिटणाऱ्या नव्या गाड्या आल्या. लांबीला माझ्याएवढ्याच, पण तोरा वेगळा. माझे इंजिन सकाळी सुरू होताना म्हाताऱ्या माणसासारखे खोकू लागले होते. एक दिवस मला आगाराच्या मागच्या भिंतीला लावून उभे केले, आणि तिथेच ठेवले. टायरांतली हवा हळूहळू उतरली. चिमण्यांनी माझ्या आरशामागे घर केले. भिंतीवरचा फोटोही निघाला आणि तिथे पंख्याचे बटण आले. मामांच्या गुडघ्यांनी त्याच सुमारास दगा दिला, म्हणून त्यांना आगारातच हलके काम मिळाले. ते अधूनमधून येत, माझे इंजिन थोडा वेळ चालू ठेवत आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहत. मित्रांनो, टाकून दिलेल्या वस्तूला एवढीही सोबत खूप असते.

इकडे मार्गाचे हाल चालले होते. नव्या गाड्या येऊनही चौदा नंबर रोज उशिरा पोचत होती. कचेऱ्यांत जाणारे लोक ओरडत होते. तेव्हा वाहतूक कार्यालयातल्या साहेबांनी एक सोपा उपाय काढला. चढ काढून टाकायचा. पूल ओलांडला की गाडीने सरळ जायचे.

असा बदल करण्याआधी लोकांना विचारावे लागते. म्हणून कार्यालयाने फलकावर एक सूचना लावली, की कुणाच्या हरकती व सूचना असल्यास त्यांनी अमुक दिवशी कार्यालयीन वेळेत सभागृहात येऊन मांडाव्यात. सभागृहात खुर्च्या मांडल्या, माइक लावला. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसे आली. त्यांतले एक गृहस्थ तिथे पंखा आहे म्हणून आले होते. चढावरून कुणीच आले नाही.

"लोकांना काही म्हणायचंच नाही असं दिसतंय," साहेब म्हणाले.

हे काम एका नव्या अधिकारी बाईंकडे होते. पुढे सगळे त्यांना ताई म्हणू लागले, म्हणून मीही तसेच म्हणते. त्या म्हणाल्या, "साहेब, ज्यांना म्हणायचं आहे ते आत्ता कामावर असतील, नाहीतर बसची वाट बघत उभे असतील. ते आपल्याकडे येणार नाहीत. आपण जाऊ या."

"कुठे जाऊ या? रस्त्यावर खुर्च्या टाकून बसणार का तुम्ही?"

या प्रश्नावर ताई दोन दिवस विचार करत होत्या. मग त्या आगारात आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. शेजारी मामा होते.

"ही चालते का हो?" त्यांनी विचारले.

"चालते," मामा म्हणाले. "पळत नाही."

"पळायचं नाहीच आहे. थांबायचं आहे."

मग माझी लगबग सुरू झाली. मागच्या अर्ध्या भागातल्या सीटा काढून समोरासमोर बाक लावले. आतल्या बाजूला रंगाऱ्याने चौदा नंबरचा सगळा मार्ग काढला. बाजार, कालवा, पूल, चढ, रुग्णालय, कचेऱ्या. चढ काढताना त्याचा ब्रश घसरला आणि टेकडी होती त्यापेक्षा उंच झाली. ताई म्हणाल्या, "राहू द्या, चढणाऱ्याला ती एवढीच वाटत असेल." चिमण्यांची पिल्ले उडून गेलेली होती, म्हणून मामांनी आरसाही साफ केला. माझ्या दाराशी पाटी लागली: 'चौदा नंबरबद्दल काही म्हणायचे आहे? आत या.'

आम्ही पहिल्यांदा बाजारात जाऊन उभे राहिलो. एक बाई भाजीची पिशवी घेऊन धावत आल्या.

"ही कुठे जाते?"

"कुठेच नाही," मामा म्हणाले.

"मग उभी कशाला केलीय?"

"तुमचं ऐकायला."

"अहो, मला घरी जायचंय. ऐकायला घरी माणसं आहेत की!" असे म्हणून त्या निघून गेल्या.

सुरुवातीचे काही दिवस असेच गेले. एक आजोबा आत बसून बराच वेळ तिकीट मागत राहिले. कुणी म्हणे खड्डे बुजवा, कुणी म्हणे कंडक्टर सुट्टे देत नाही. एका मावशींनी सुनेबद्दल बोलायला सुरुवात केली. ताईंनी तेही शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाल्या, "मावशी, सुनेचं माझ्या हातात नाही. बसचं थोडंफार आहे." मावशी हसल्या आणि मग अगदी कामाचे बोलल्या. पुलावरच्या थांब्यावर सावली नाही, उन्हात उभे राहून डोके भणभणते, म्हणाल्या. मला तेव्हा एक गोष्ट समजली. माणूस आधी मनात साचलेले बोलून टाकतो, आणि मगच विचारलेल्या प्रश्नाकडे वळतो. घाई करणाऱ्याला पहिलेच तेवढे ऐकू येते.

चढावर गेलो तेव्हा वरच्या थांब्यासमोरचे सलूनवाले आत आले. खांद्यावर टॉवेल तसाच होता. त्यांनी आधी सगळ्यांना दटावले.

"माझं म्हणणं जरा वेगळं आहे. हसायचं नाही."

"नाही हसणार," ताई म्हणाल्या.

"बस उशिराच यावी."

मामांनी घाईघाईने तोंड खिडकीकडे वळवले.

"बघा," सलूनवाले सांगू लागले, "माणूस थांब्यावर उभा राहतो. बस येत नाही. तो इकडे बघतो, तिकडे बघतो, मग आरशात स्वतःचं तोंड बघतो. म्हणतो, चला, तोवर दाढी तरी करून घेऊ. माझं निम्मं दुकान या उशिरावर चालतं. बस बंद केलीत तर मी संपलो. आणि वेळेवर आणलीत तरी अर्धा संपलो. लिहून घ्या."

ताईंनी ते गंभीरपणे लिहून घेतले. त्या खरोखरच हसल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर उलट काळजी दिसली.

मित्रांनो, आता मी ज्या दिवसासाठी ही सगळी गोष्ट सांगते आहे, त्या दिवसाकडे येते. आम्ही रुग्णालयासमोर उभे होतो. उन्हाची वेळ होती. चढावरच्या एक काकू आपल्या नवऱ्याला घेऊन माझ्यात येऊन बसल्या होत्या. काका पूर्वी घरोघरी फरशा बसवायचे. आता त्यांची मूत्रपिंडे काम करत नव्हती, म्हणून आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला यावे लागे. मशीनवरून उठल्यावर त्यांना घेरी येई. ते मागच्या बाकावर आडवे झाले होते आणि काकू त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. त्या काही म्हणायला आल्या नव्हत्या, परतीची बस येईपर्यंत सावली मिळाली म्हणून आल्या होत्या.

एवढ्यात एक तरुण गृहस्थ तडातड पायरी चढून आत आले. गळ्यात रुग्णालयाचे ओळखपत्र, चेहऱ्यावर वैताग.

"तुम्हीच ना त्या ऐकणाऱ्या बाई? मग ऐका. तो चढ बंद करा. आजच्या आज बंद करा."

"बसा ना," ताई म्हणाल्या.

"बसायला वेळ नाही. मी पहाटेची गाडी धरतो, बाजारातून. सगळी गाडी दवाखान्याकडे, कचेऱ्यांकडे जाणारी. आणि चार डोक्यांसाठी ती वर चढते. वर जाऊन मागे-पुढे, मागे-पुढे. झोपाळ्यात बसल्यासारखं! मी पोचतो तोवर पेशंट येऊन बसलेले असतात. मशीन धुवायचं असतं, जोडायचं असतं, तपासायचं असतं. ते काय फुंकर मारून होतं? बोलणी मात्र मला खावी लागतात."

मागच्या बाकावरून काकूंचा आवाज आला. "त्या चार डोक्यांतली दोन आमची आहेत, दादा."

ते गृहस्थ वळले. त्यांचा चेहरा एकदम बदलला. डायलिसिसचे मशीन सांभाळणारे तंत्रज्ञ ते हेच. सगळे पेशंट त्यांना मशीनदादा म्हणत. काकांच्या हाताला थोड्या वेळापूर्वी पट्टी बांधली होती तीही त्यांनीच.

"काकू? तुम्ही चढावर राहता?"

"लग्न झाल्यापासून."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही पहाटेच्या गाडीने येता, आम्ही उशीर नको म्हणून त्याच्याही आधीच्या. तुमची आमची गाठ मशीनपाशी. बस चढावर आली नाही तर आम्ही चालत उतरू. यांना धरून, बसत-उठत, येऊ कसेतरी. पण जाताना? मशीनवरून उठलेला माणूस तुम्ही रोज बघता. तुम्हीच सांगा, तो हा चढ चढेल का?"

मशीनदादांनी काकांकडे पाहिले. मघाशी बसायला वेळ नव्हता, पण आता ते बाकावर टेकले.

"नाही चढणार," ते म्हणाले.

मग काकूच ओशाळल्या. "खरं सांगू का, आम्ही तिथे बाकड्यावर वाट बघत बसतो ना, तेव्हा तुमच्याच नावाने खडे फोडत असतो. हा मशीनवाला वेळेवर का येत नाही, घरी लोळत पडतो का, म्हणून. हे तर रोज शिव्या देतात तुम्हाला."

"हळू देतो," काकांनी डोळे न उघडता सांगितले.

मशीनदादा हसले. काकूही हसल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते. मला फार नवल वाटले. ही दोन माणसे इतके दिवस मशीनपाशी भेटत होती, न जाणता एकमेकांवर चिडत होती, आणि दोघांच्या चिडण्याचे कारण एकच होते. चूक दोघांतल्या कुणाचीच नव्हती.

ताईंनी बाक पुढे ओढला. "वर नेमकं होतं काय? मागे-पुढे का करावं लागतं?"

मशीनदादा सांगू लागले, काकू मध्येच त्यात भर घालू लागल्या. वळणाची जागा तोकडी. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नाली. त्यात कुणी टेम्पो लावून ठेवला असेल तर कंडक्टर खाली उतरून टेम्पोवाल्याला हाका मारतो, आणि मग कुठे गाडी इंचाइंचाने फिरते. तोवर मागच्या फेरीची गाडी खाली येऊन थांबलेली असते. सगळा उशीर तिथेच होतो.

"मामा, असंच आहे का?" ताईंनी विचारले.

"असंच आहे. वळण लहान आणि गाडी लांब."

"आणि गाडी लहान असती तर?"

मामांनी माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवला. मग म्हणाले, "तर एका दमात वळली असती."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले ते कसे सांगू? माझ्या ज्या लांबीचे मुकादमांनी कौतुक केले होते, ती या मार्गाला अडचण होती. मी आणि माझ्यासारख्या सगळ्याच. लोक माझ्यात बसून, माझ्याच बाकांवर, माझ्याबद्दल बोलत होते आणि त्यांना ते ठाऊकही नव्हते. मला थोडे दुखले. पण मागे काका डोळे मिटून पडले होते, त्यांचा श्वास संथ चालला होता. ते पाहून वाटले, आपण ऐकायला उभ्या आहोत ना, मग हेही ऐकले पाहिजे. फक्त गोड ते ऐकायचे असेल तर त्यासाठी एवढी तयारी कशाला हवी?

ताईंनी नवी मांडणी केली. लांब गाड्या पुलावरून सरळ जातील. चढासाठी वेगळी छोटी गाडी असेल. ती वर एका दमात वळेल, रुग्णालयापर्यंत येईल आणि परत जाईल. हे घेऊन त्या साहेबांकडे गेल्या आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आल्या. साहेब म्हणाले होते, "लोकांचं ऐकून घ्यायचं असतं हो. मग करायचं ते आपण करायचं." छोट्या गाड्या नाहीत, दोन मार्ग सांभाळायचे कुणी, आणि ती जुनी बस अजून किती दिवस रस्त्यात उभी करणार, असेही त्यांनी विचारले होते.

हे शेवटचे विचारायला साहेब दुसऱ्या आठवड्यात स्वतःच रुग्णालयापाशी आले. आत शिरले आणि मागच्या बाकाच्या टोकाला बसून ताईंची वाट पाहू लागले. ताई दोन नर्सबाईंशी बोलण्यात गुंतल्या होत्या. तेवढ्यात काकूंनी काकांना आत आणले. त्या दिवशी काकांना जास्तच थकवा होता. ते साहेबांच्या शेजारी बसले, काही क्षण ताठ राहिले आणि मग त्यांची मान कलंडून साहेबांच्या खांद्यावर आली.

साहेबांनी चमकून पाहिले. काकू घाबरून उठल्या. "माफ करा हं, उठवते मी त्यांना."

"असू दे," साहेब म्हणाले.

ते तसेच बसून राहिले. हलले तर काकांना जाग येईल म्हणून त्यांनी खिशात वाजणारा फोनसुद्धा काढला नाही. ते कोण आहेत हे ताई आणि मामा सोडले तर तिथे कुणालाच माहीत नव्हते. माणसे येत राहिली, बोलत राहिली. नर्सबाई बोलल्या, एक हमाल बोलला, कचेरीत जाणारी एक मुलगी बोलली की बस चढावर जाते याचा तिला राग येतो, आणि राग येतो याची लाजही वाटते. साहेबांना उठून जायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी सगळे ऐकले. परतीची बस आली तेव्हा त्यांनीच काकांना दुसऱ्या बाजूने धरले आणि बसपर्यंत नेले. मग शर्टाचा खांदा झटकत परत आले.

"छोट्या गाड्या कुठून आणायच्या ते बघा," ते ताईंना म्हणाले. "आणि किती दिवस उभी करणार ते विचारायला आलो होतो, ते राहू दे."

पुढे कागद हलले, बैठका झाल्या, बराच काळ गेला. छोट्या गाड्या दुसऱ्या आगारातून आल्या. मार्ग ठरला. पण वळण सोपे व्हावे म्हणून चढावरचा वरचा थांबा थोडा खाली सरकवावा लागला, म्हणजे सलूनवाल्यांच्या दारातून निघून गेला. आणि गाडी आता वेळेवर येणार होती.

"फलक लावा, झालं," कार्यालयातले लोक म्हणाले.

ताई म्हणाल्या, "विचारायला घरापर्यंत गेले होते. आता उत्तर सांगायला फलक कसा पाठवू?"

म्हणून मी शेवटची एकदा चढावर गेले. मामांच्या गुडघ्यांना आणि माझ्या इंजिनाला, दोघांनाही धाप लागली. वरच्या वळणावर समोर टेम्पो उभा होता. मी अडकले. मामा एका पोराला टेम्पोवाल्याला शोधायला पाठवून तसेच बसले, आणि ताई उतरून सलूनपाशी गेल्या. सगळे मला उघड्या दारातून ऐकू येत होते.

"झालं का आमचं काम?" सलूनवाल्यांनी विचारले.

"नाही झालं," ताई म्हणाल्या. "थांबा खाली जातोय. आणि गाडी वेळेवर येणार आहे."

"म्हणजे माझं ऐकलं नाहीत."

"ऐकलं. पण केलं नाही."

"यात फरक काय, सांगा ना मला! गिऱ्हाईक तर दोन्हीकडून गेलंच."

ताईंनी आपली बाजू सावरली नाही. त्यांनी काकांबद्दल सांगितले, मशीनदादांबद्दल सांगितले. सलूनवाल्यांनी काकांना लहानपणापासून पाहिलेले होते, काकांच्या लग्नाच्या दिवशी दाढी त्यांनीच केली होती. ते मान खाली घालून ऐकत होते.

"तुमचं नुकसान होणार हे मला माहीत होतं," ताई म्हणाल्या. "तरी मी त्यांच्या बाजूने बोलले. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं, म्हणून आले."

सलूनवाले बराच वेळ कात्री उघडत-मिटत राहिले.

"इतकी वर्षं दुकान आहे माझं इथे. रस्ता खणला, नळ हलवला, दिवा काढला. तोंडावर येऊन वाईट सांगणारं तुमच्याआधी कुणी आलं नव्हतं." मग ते म्हणाले, "पण राग गेलेला नाही माझा."

"असू दे."

"उद्याही असेल."

"मग उद्या पुन्हा येईन."

सलूनवाल्यांनी माझ्याकडे पाहिले. मी रस्त्यात आडवी, मामा खिडकीत हनुवटी टेकून बसलेले, केस कानांवर आलेले.

"ओ मामा!" त्यांनी हाक मारली. "गाडी अडकलीच आहे तर या आत. कान सापडतात का बघू तुमचे."

मामा उतरले आणि खुर्चीत जाऊन बसले. टेम्पोवाला आला, त्याने टेम्पो हलवला, रस्ता मोकळा झाला, पण मामांचे एकाच बाजूचे केस कापून झाले होते. उशिराच्या बसने सलूनला दिलेले ते शेवटचे गिऱ्हाईक. ताई बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिल्या. कुणी घाई केली नाही.

आता छोटी गाडी चढावर जाते. मशीनदादा वेळेवर पोचतात. काका दाराजवळच्या सीटवर बसून येतात आणि आता शिव्या द्यायला कुणी उरले नाही अशी कुरकुर करतात. सलूनचे दुकान पूर्वीसारखे भरत नाही, हेही मी तुम्हाला खरे तेच सांगते. ताई तिकडे जातात, त्यांना बोलणी खावी लागतात, आणि तरी त्या जातात. मला भंगारात काढायचा कागद निघाला होता. त्यावर साहेबांनी सही केली नाही. ते म्हणाले, नऊ नंबरच्या मार्गाचीही बरीच रड आहे, तिला तिकडे न्या. म्हणून सध्या मी नऊ नंबरच्या रस्त्यावर, एका चिंचोळ्या बाजारपेठेच्या तोंडाशी उभी असते.

मित्रांनो, आम्हा जुन्या गाड्यांना जपा, सीटा फाडू नका, काचांवर नावे कोरू नका, हे तर मी सांगेनच. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुणाच्या रस्त्याचे, कुणाच्या घराचे, कुणाच्या कामाचे काहीतरी तुमच्या हाती येईल. तेव्हा त्या माणसाला आधी विचारा. त्याला तुमच्यापर्यंत येता येत नसेल तर तुम्ही त्याच्यापर्यंत जा. आणि त्याने सांगितले तसे तुम्हाला करता आले नाही, तर नुसता फलक लावून मोकळे होऊ नका. पुन्हा एकदा जा, त्याच्यासमोर बसा आणि का जमले नाही ते सांगा. तो रागावेल. रागावू द्या. तुम्ही उठू नका.

आज सकाळपासून इथे कुणी आले नव्हते. आत्ता एक मासे विकणाऱ्या बाई टोपली खाली ठेवून दारापाशी उभ्या आहेत. आत यावे की नाही, असा त्यांचा विचार चालला आहे. मामांनी इंजिन बंद केले आहे, म्हणजे बाईंना ओरडून बोलावे लागणार नाही.